साफ केलेलं बोलणं

“...मग तुम्हीच सांगा अप्पा, मरणाऱ्या माणसानं पोटच्या पोरासाठी एक शब्दसुद्धा ठेवू नये?”

विरूपाक्ष अजून टेकलाही नव्हता. हातात पांढरी काठी, खांद्याला लॅपटॉपची पिशवी, आणि मठाच्या उंबऱ्यातूनच हे विचारणं.

गुरुलिंग अप्पा ओसरीवर बसले होते. मी बाजूला पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचत होतो.

“बस की,” अप्पा म्हणाले. “पाणी...”

“पाणी नको. वाटेत प्यालो.”

“पाणी सांडलंय तिथं... म्हणत होतो. इकडं सरकून बस.”

विरूपाक्ष ओल्यातच बसला होता. तो सरकला.

या पोराचे डोळे लहानपणीच तापात गेले. आई त्याआधीच गेलेली. बाप सिद्राम, खडीच्या मशीनवर कामाला. त्यानं पोराला बोट धरून मठात आणलं, आणि अप्पांनी त्याला तोंडी वचनं शिकवली. पुढं पोरगा शहरात गेला, कॉम्प्युटर शिकला. आता हा बोलतो आणि कॉम्प्युटर लिहितो. लिहिलेलं त्याला वाचूनही दाखवतो. गावात अशी विद्या कुणाकडं नाही, आणि हे विरूपाक्षाला चांगलं ठाऊक आहे.

सिद्रामची छाती त्या दगडाच्या धुळीनं खाल्ली. मागल्या पंधरवड्यात तो लिंगैक्य झाला. मातीला मीही होतो.

“सिद्राम काही...”

“काही बोलले नाहीत का, हेच ना? बोलले की. दुपारभर बोलले. सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे.”

अप्पांचं बोलणं सावकाश. एक शब्द येतो, मग थोडी वाट बघावी लागते, मग दुसरा. विरूपाक्ष तेवढं थांबत नाही. उरलेलं वाक्य तोच पुरं करून टाकतो.

“ऐकव,” अप्पा म्हणाले.

त्यानं झाकण उघडलं, चाचपून एक बटण दाबलं. आतून आवाज आला तो असा, की कढईत लाह्या फुटाव्यात.

अप्पा जरा ऐकत राहिले. “आत कोण... भांडतंय?”

“भांडतंय काय अप्पा, वाचतंय. मी याच वेगानं ऐकतो. तुमच्याकडं एक वचन पाठ करायला आठवडा जायचा. आता पुस्तक लावलं की चहा निवायच्या आत वीस पानं पुढं. सावकाश बोलणाऱ्या माणसाचा मला त्रास होतो, खरं सांगतो.”

“होत असेल...”

“तुम्हाला नाही म्हणत.”

“मलाच म्हण की. मी कुठं... पळतोय.”

मी हसलो. विरूपाक्षही थोडा हसला, आणि त्यानं वेग कमी केला. मग तो कॉम्प्युटर माणसासारखा वाचू लागला. बाईचा आवाज होता, कोरडा.

शेळीला पाला टाक. पायरीचा दगड हललाय, जपून. दारापासून न्हाणीपर्यंत दोर बांधायचा राहिला. आहेस का. रामोशाच्या घरनं ताक येईल ते घे. गादीखाली काही नाही, शोधू नको.

वाचणं थांबलं.

“बघा,” विरूपाक्ष म्हणाला. “शेळी, पायरी, दोर, ताक. यात मी कुठं आहे? ज्या पोराला बोट धरून इथवर आणलं, त्याला जाताना काय, तर ताक घे. मला रात्री झोप येत नाही अप्पा. मला एवढंच कळू दे, त्यांचा माझ्यावर राग होता का?”



“दुपारभर...” अप्पा म्हणाले, “आणि एवढंच?”

“दमा होता ना. एक शब्द बोलायचे आणि श्वास गोळा करायचे. मधलं थांबणं कॉम्प्युटर लिहीत नाही. शिवाय मी साफ केलंय.”

“साफ...”

“म्हणजे चुका काढल्या. अशी सोय कधी कधी अडकते. तो ‘आहेस का’ ऐकलात ना? तोच शब्द पानापानावर लिहून ठेवला होता. शेळीला पाला टाक, आहेस का. दगड हललाय, आहेस का, आहेस का. वैताग नुसता. ऐकताना कान किटले. एक ठेवला, बाकीचे साफ केले.”

माझ्या हातातली काडी पानात अर्धीच राहिली.

“त्याचा आवाज... तो आहे?” अप्पांनी विचारलं.

“आवाज पुसला. फार जागा खातो. सगळं अक्षरात उतरलं, मग आवाज ठेवून करायचं काय?”

“तू... ऐकलास तो?”

“वाचलेलं ऐकलं.”

“आवाज...”

विरूपाक्ष पहिल्यांदाच थांबला. “नाही,” तो म्हणाला.

लांब डोंगराकडं खडीची मशीन चालू होती. तिचा आवाज आमच्या गावात कायमच असतो. बंद पडली तरच लक्षात येते.

“तेव्हा तू कुठं होतास... विरूपाक्षा?”

“पलीकडच्या खोलीत. बँकेची परीक्षा तोंडावर. खोकल्यात अभ्यास होत नव्हता, म्हणून कानात इअरफोन घालून बसलो होतो. पण सोय करून गेलो होतो अप्पा. माइक त्यांच्या उशाशी ठेवला.”

“त्याला ठाऊक होतं?”

“त्यांना सांगितलं, अण्णा, मी इथंच आहे. तुम्ही बोला.”

“दिसत नव्हतं का... त्याला?”

“तोंड भिंतीकडं होतं. मान वळत नव्हती.” मग जरा वेळानं, “आम्ही दोघंही तेव्हा सारखेच.”

अप्पांनी हात लांब करून लॅपटॉपचं झाकण मिटलं. माझ्याकडं बघून ओठावर बोट ठेवलं. मी पानं खाली ठेवली.

मग ते नुसते बसून राहिले.

“...बोला ना अप्पा.”

अप्पा बोलले नाहीत.

“अप्पा? राग होता का त्यांचा?”

ओसरीवर ऊन सरकत होतं. अप्पांचे डोळे त्या पोराच्या तोंडावर होते. हात मांडीवर, हलत नव्हता.

“विचार करताय, होय? करा.”

...

“अप्पा, आत गेलात की काय?”

त्यानं मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या. भल्या भल्या पळत्या आवाजातलं अक्षर न अक्षर पकडणारे कान ते. आता त्यांना काही सापडत नव्हतं. मशीन मात्र लांब दगड फोडत होती.

“आहात का?”

...

“अप्पा... आहात का?”

आवाज उतरला होता. काठी मांडीवरून घसरून फरशीवर पडली, ती त्यानं उचलली नाही. दोन्ही हात पुढं केले आणि हवेतच धरून ठेवले. हाताच्या अंतरावर अप्पा होते. मला बघवेना. पण ओठावर ठेवलेलं अप्पांचं ते बोट अजून माझ्या डोळ्यांसमोर होतं.

“कुणी आहे का इथं... अप्पा, आहात क...”

तो शब्द पुरा झाला नाही. तोंड तसंच उघडं राहिलं. चेहऱ्यावरचं रक्त खाली गेलेलं मी बघितलं. हात हळूहळू मांडीवर आले.



मग अप्पा बोलले. हळूच, रोजच्यासारखं, मधे थांबत.

“विरूपाक्षा... यातला एक ठेवतो... बाकीचे साफ करू?”