घट्ट झाकणाचा डबा

"...पण कापायची नेमकी कुठे, बाबा? तेवढंच सांगा."

दस्तगीरबाबा चिलीम झाडत होते. झाडून झाली, फडक्याने पुसून झाली, कोनाड्यात ठेवूनही झाली. मग त्यांनी वर पाहिलं.

"काय कापायचं हाय?"

दिगंबर केळुसकर आल्यापासून तेच तर सांगत होता.

निपाणीबाहेर, जिथे तंबाखूच्या वखारी संपतात, तिथे या फकिराचा तकिया होता. तकिया म्हणजे एक खोली, एक चिंच आणि पाण्याचा एक रांजण. गावातले लोक बाबांकडे भांडणं घेऊन येत, ताप आलेली पोरं घेऊन येत आणि येताना चिमूटभर तंबाखू आणत. पानाची पारख बाबांना आहे, असं वखारीतले व्यापारीही मानत.

तकियाची एक रीत होती. तंबाखू कुणीही आणो, बाबा आधी देणाऱ्याचं नाव विचारत. नाव कळल्याशिवाय विस्तव लागायचा नाही. हमालाच्या कनवटीतली चिमूट असली, तरी आधी त्याचं नाव आणि मग धूर.

दिगंबर गावातल्या पतसंस्थेत कारकून होता. मूळचा वेंगुर्ल्याचा. पुन्हा पहिल्यापासून सांगायचं म्हणून त्याने पिशवीतून एक स्टीलचा डबा काढून बाबांपुढे ठेवला.

"यात दोन सिगार आहेत, बाबा. परदेशी. मला त्या उद्या कापायच्या आहेत."

"देणारा कोण?"

"माझा मामा. जगन्नाथमामा."

बाबांनी मान हलवली आणि पुढे बोल, अशी खूण केली.

दिगंबरला तेच हवं होतं. मामा बोटीवर स्वयंपाकी होता, आयुष्यभर. शेवटच्या फेरीवरून येताना कुणा कप्तानाने खूश होऊन त्याला या दोन सिगार दिल्या. त्या त्याने दिगंबरच्या हातात ठेवल्या. म्हणाला, नोकरीत कायम झालास की दोघं मिळून ओढू, एक तुझी, एक माझी.

"आणि आता मी कायम झालो, बाबा. उद्या पहाटेच्या गाडीने वेंगुर्ल्याला निघालोय."

"चांगलं झालं की."

"तोवर मी या जपल्या. नुसत्या ठेवल्या नाहीत, जपल्या."

इथे दिगंबरचा आवाज जरा चढला. चढणारच. ज्या गावात तंबाखू पोत्याने मोजतात, तिथे दोन सिगारींसाठी रात्रीची झोप घालवणारा तो एकटाच असावा. सिगार कोरड्या हवेत तडकते आणि ओल्या हवेत बुरसते, हे तो फोनवर वाचून शिकला होता. त्यासाठी लाकडी पेट्या मिळतात, हेही वाचलं होतं. पेटीची किंमत वाचल्यावर मात्र त्याने फोन पालथा घालून ठेवला होता.

"पेटी परवडत नाही म्हणून अडून बसलो नाही मी. आधी ओला स्पंज ठेवून बघितला. पाणी जास्त झालं, बारीक बुरशी धरली. ती मऊ ब्रशने हलकेच झाडली. मग मडक्याची खापरी भिजवून ठेवली. तीही साध्या पाण्यात नाही, बॅटरीत घालायच्या पाण्यात. त्यात क्षार नसतात. आणि झाकणाच्या आत हा दमटपणा दाखवणारा काटा चिकटवला."

"बॅटरीचं पाणी..." बाबा पुटपुटले. त्यांच्या दाढीत काहीतरी हललं. हसू असेल किंवा वारा.

"आता फक्त कापायचं राहिलंय. बंद टोकाला पानाची एक छोटी टोपी असते. जास्त कापली तर सगळी सिगार उलगडते, कमी कापली तर धूर येत नाही. कापायचं यंत्र माझ्याकडे नाही. घरमालकिणीचा अडकित्ता मागून आणलाय. त्याने साधा चिरूट कापून बघितला, तो चिरडला. आणि यातली एकही वाया घालवता येत नाही, दोनच आहेत."

"मामाला ठाव असंल की, कुठं कापायची."

"त्याला विचारायचं नाही मला." दिगंबर घाईने म्हणाला. "त्याच्यासमोर मी स्वतः कापणार. एका झटक्यात. पोरगा शिकला, असं त्याला वाटलं पाहिजे."

"मामा बघंल म्हणतोस?"

दिगंबरने पिशवीतून अडकित्ता काढला.

"दिसत नाही त्याला. डोळे गेले... पण आवाजावरून कळेल. कच्चकन आवाज झाला की कळेल."

बाबांनी अडकित्ता हातात घेतला, उघडझाप करून बघितला. मग कमरेच्या पिशवीतून एक सुपारी काढली, कातरली, अर्धी तोंडात टाकली आणि अर्धी दिगंबरला दिली.

"अडकित्ता झ्याक हाय," ते म्हणाले.

दिगंबरने सुपारी मुठीत धरली. एवढ्या गंभीर प्रश्नावर सुपारी मिळेल अशी त्याची अपेक्षा नव्हती. पण बाबांचा हात आता डब्याकडे गेला होता.

बाबांनी झाकण उघडलं.

आतल्या सिगारी खरोखर सुरेख होत्या. तपकिरी, तुकतुकीत, कुठे तडा नाही, कुठे डाग नाही. शाबासकीसाठी दिगंबर सरसावून बसला.

बाबांनी सिगारींकडे पाहिलंच नाही. झाकण नाकाशी नेलं. झाकणाच्या कडेला आतून रबराची गोल पट्टी होती, ती हुंगली. डोळे मिटले. पुन्हा हुंगली.

मग हसून त्यांचं पोट हलू लागलं.

"काय झालं, बाबा?"

"हिंग."

"काय?"

"हिंग हाय ह्यात, लेकरा."

दिगंबरने डबा ओढून घेतला. झाकण हुंगलं, सिगार हुंगली. त्याला तंबाखूचा वास आला. दुसरा कसलाही आला नाही.

"नाही हो, बाबा. डबा मी साबणाने धुतलाय. राखेने घासलाय. लिंबू चोळून उन्हात वाळवलाय."

"ऊठ. सडकंपतोर जाऊन ये."

"कशाला?"

"जा तर..."

दिगंबर गेला. रस्त्यावर वखारींकडून वारा येत होता. त्यात पानाचा कडवट वास होता, धूळ होती, डिझेल होतं. तो क्षणभर उभा राहिला आणि परत आला. बाबांनी झाकण पुढे केलं.

आता त्याला आला. आधी पुसट, मग चांगला खणखणीत. त्याने सिगार नाकाशी धरली. तिच्यातही होता. तंबाखूच्या आत मुरून, पाहुण्याने घरात पाय पसरावेत तसा ऐसपैस बसला होता.

दिगंबरने सिगार परत डब्यात ठेवली.

"वाट लागली..." तो खालीच बसला. "रबरात राहिला असणार. एवढं पाणी, एवढी खापरी, आणि मी हिंग मुरवत बसलो होतो."

बाबांनी झाकण पुन्हा हुंगलं.

"दुसरा कुणी असता तर चाललं असतं, बाबा. पण मामा आहे तो. आयुष्यभर रांधलंय त्याने. बोटीच्या दुसऱ्या टोकाला डाळ लागली तरी त्याला इकडे कळायचं. आणि आता तर डोळे गेल्यापासून तो सगळं नाकानेच बघतो. डबा उघडल्या उघडल्या कळेल त्याला. त्याने जपून आणलेली वस्तू मी नासवली, हे कळेल."

सिगारीचं दुःख एवढं नव्हतं. ज्या माणसाने आपलं शिक्षण केलं, त्याच्यासमोर एकदा तरी ताठ मानेने बसावं, एवढंच त्याला हवं होतं. त्या एका संध्याकाळसाठी तो इतके दिवस जपत आला होता.

"हा वास जाईल का? तुमच्याकडे काहीतरी असेल. तुरटी... ऊन... काहीही सांगा."

बाबांनी विचारलं, "देणारा कोण?"

"सांगितलं ना, मामा."

"विड्या मामानं दिल्या. डबा?"

"डबा कुणी दिला नाही. मीच घेतला."

"कुणाचा?"



"...मामीचा."

चिंचेवर कावळे बसायला आले होते. त्यांची भांडणं मिटेपर्यंत बाबा थांबले.

"हिंगाचाच डबा तिचा," दिगंबर म्हणाला. "खडा हिंग भाजून, कुटून यात ठेवायची. झाकण इतकं घट्ट, की मला उघडता यायचं नाही. हसायची. म्हणायची, दिगू, तुका हिंग मिळाक तू मोठो होवक व्हयो."

हे सांगताना तोही हसला.

"लहानपणापासून मी तिच्याकडेच. आई गेल्यावर तिनेच आणलं मला. मामा वर्षातले नऊ-दहा महिने बोटीवर असायचा."

"हं."

"ती गेल्यावर घर आवरलं. लुगडी वाटली, भांडी नातेवाइकांनी नेली, भिंतींना नवा चुना दिला. मला काय हवं म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, काही नको. निघताना मोरीपाशी हा डबा दिसला. रिकामा होता. झाकण घट्ट आहे, सिगारींना बरा पडेल, म्हणून पिशवीत टाकला."

"आता काय हाय घरात तिचं?"

"काही नाही. म्हणजे... फोटो आहे. पण मामाला दिसत नाही."

बाबांनी तोंडातली सुपारी दुसऱ्या गालात सारली.

"शेजारून डबा येतो त्याला जेवणाचा. चांगलं असतं जेवण. पण फोनवर दर वेळी एकच सांगतो, घराक वासच ऱ्हवलो नाय रे. बोटीवरून यायचा ना, तेव्हा दारातच थांबायचा तो. आत मामीची फोडणी पडलेली असायची. तो वास घ्यायचा आणि मग चप्पल काढायचा. म्हणायचा, आता इलंय मी घराक."

एवढं बोलून दिगंबर पुन्हा आपल्या काळजीकडे वळला. माणूस काळजीत असला की स्वतःच्या तोंडचे शब्दही त्याला ऐकू येत नाहीत.

"म्हणून म्हणतो, बाबा, रात्रभर डबा उघडा टाकतो. सिगारी कागदावर पसरून ठेवतो. थोडा तरी उडेल वास."

त्याने सिगारी बाहेर काढायला हात घातला.

बाबांचा हात त्याच्या आधी पोचला. म्हाताऱ्याच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नसतं. त्यांनी डब्यावर झाकण ठेवून तळव्याने दाबलं. मग दुसरा हात वर ठेवून पुन्हा दाबलं, अगदी कट् आवाज होईपर्यंत.



बाबांनी खांद्यावरचं हिरवं फडकं काढलं. ते डब्याभोवती गुंडाळलं, वर गाठ मारली, गाठ ओढून पाहिली. मग दोन्ही हातांनी डबा उचलला आणि कपाळाला लावला. तकियात रोज तंबाखू येत असे, पण बाबांनी काही कपाळाला लावलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"देणारी दोघं झाली की रे," ते हळूच म्हणाले.

त्यांनी डबा दिगंबरच्या मांडीवर ठेवला.

दिगंबरची बोटं फडक्याच्या गाठीवर होती. मामाचे उपकार त्याला तोंडपाठ होते, कारण ते पार्सलमधून यायचे: बूट, घड्याळ, कॉलेजची फी. मामीचे रोज ताटात यायचे, म्हणून ते कधी दिसलेच नाहीत. जेवून उठताना तो हात धुवायचा आणि बाहेर पळायचा. तिला एकदाही काही म्हणायचं त्याला सुचलं नव्हतं.

"मामी..." तो म्हणाला. पुढे काय म्हणायचं ते त्याला अजूनही सुचलं नाही. डोळे मात्र भरून आले, आणि ते पुसायची त्याला लाज वाटली नाही.

बाबा उरलेली सुपारी चघळत होते.

उन्हं चिंचेच्या शेंड्यावर गेली, तेव्हा दिगंबर उठला. डबा पिशवीत घातला. नंतर विचार बदलून बाहेर काढला आणि छातीशी धरला. बाबांच्या पाया पडला. अडकित्ता उचलला.

चार पावलं गेला आणि थांबला. शेवटी तो कारकून होता, काम अर्धवट राहिलेलं त्याला खपत नसे.

"बाबा, आणि... कापायची कुठे? ते राहिलंच."

बाबांनी कोनाड्यातली चिलीम काढली आणि तिच्यात फुंकून पाहिलं.

"डबा उघडल्यावर मामानं काडेपेटी मागितली, तर ये परत. मग सांगतो."