बोळका दरवाजा आणि गिरजाचं ऊन

या, या, असे इकडं या. फोटो मागाहून काढा, तो कुठं पळून जात नाही. आधी मान वर करून बघा. काळ्या दगडाचे सहा मजले, दोन्ही अंगांना पसरलेल्या भिंती, आणि वर ऐन मध्यावर, जिथं कळस असायला हवा, तिथं काय आहे? काही नाही! नुसतं आभाळ! पुढचे दोन दात पडलेलं पोर हसावं तसा हा आमचा दरवाजा शेकडो वर्षं हसतोय. सरकारी पाटीवर ‘आभाळदरवाजा, राष्ट्रीय स्मारक’ असं लिहिलंय. आम्ही कोंढारचे लोक त्याला बोळका म्हणतो, आणि मायेनं म्हणतो, बरं का.

पुस्तकवाले म्हणतात, वीज पडून कळस ढासळला. वीज! अहो, वीज काय गवंड्याचा ओळंबा लावून पडते? ते वरचे दगड बघा कसे सरळ रेषेत थांबलेत. मी हौसाबाई, इथल्या कुंभारांची सून, बत्तीस वर्षं हा दरवाजा लोकांना दाखवते. माझ्या सासूनं मला जे सांगितलं ते तुम्हाला सांगते. पटलं तर घ्या, नाहीतर इथंच ठेवून जा, पण मधे बोलू नका.

असं सांगतात, की तेव्हा या माळावर कुसळांशिवाय काही नव्हतं. मालाच्या गोण्या लादलेले बैलांचे तांडे यायचे आणि वाट चुकायचे. ना खूण, ना झाड, ना पाणी. किती जनावरं तहानेनं मेली त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. म्हणून इथल्या राजानं ठरवलं, की चार कोसांवरून दिसेल असा दरवाजा बांधायचा. भक्कम खडक लागला तो नेमका कुंभारवाड्याच्या दक्षिणेला. वाड्यात तेव्हा अकरा घरं होती, आणि त्या अकरा घरांचा कारभार गिरजाच्या हातात. चाक तिचा सासरा फिरवायचा, पण माती कालवणं, मडकी वाळवणं, रंगवणं, गाढवावर लादून गावोगाव पोचवणं, सगळं गिरजाच्या हुकमानं. नवरा तरणाताठा गेला होता, पण बाई कुणाच्या दारात रडत बसली नाही.

पाया घ्यायच्या आधी मुख्य पाथरवट म्हाळोजी तिच्या अंगणात आला. माणूस सरळ. म्हणाला, “बाई, काम उंच होणार आहे. तुमच्या अंगणात सावली येते का, ते आधी बघू.” भर वैशाखाची दुपार. त्यानं लांबलचक वासा उभा रोवला. सूर्य डोक्यावर, आणि वाशाची सावली कुठं? वाशाच्या पायाशीच! म्हाळोजीनं छाती ठोकून सांगितलं, “दगडावरची रेघ समजा. दरवाज्याची सावली तुमच्या अंगणाला शिवणार नाही.”

गिरजा हसत सुटली म्हणे. वैशाखात कुंभाराला सावलीची भीती कसली? उलट ऊन इतकं, की कच्ची मडकी तडकू नयेत म्हणून त्यांच्यावर ओलं गोणपाट टाकावं लागायचं. “शिवली तर शिवू दे की,” ती म्हणाली, “माझी मडकी तरी वाचतील!” आणि मातीनं भरलेला ओला पंजा तिनं पायाच्या पहिल्या दगडावर उमटवला. म्हणजे कुंभारवाड्याची संमती झाली.

इथंच घोटाळा झाला! एकाचा जन्म उन्हात दगड फोडण्यात गेलेला, दुसरीचा उन्हात मडकी वाळवण्यात, आणि दोघांपैकी एकालाही पौष आठवला नाही. पौषात सूर्य दक्षिणेला कलतो, सावल्या लांब होतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण घामानं डोळे चुरचुरत असताना थंडीची आठवण कुणाला येते?

बारा वर्षं काम चाललं. आणि खरं सांगायचं तर दरवाज्यानं द्यायला सुरुवात केली ती उभा राहायच्या आधीच. दगड काढता काढता खाणीत झरा लागला. देवाची करणी आणि नारळात पाणी! ते समोरचं तळं दिसतंय ना, तीच ती खाण. ज्या बायका दीड कोसावरून घागरी आणायच्या त्यांना दारात पाणी आलं. चार मजले झाले तसे तांडे नाकासमोर येऊ लागले, बाजार भरू लागला, गिरजाची मडकी पार घाटाखाली जाऊ लागली. दरवाज्याचं कौतुक सगळ्यात जास्त कोण करायचं? गिरजाच! दर पौषात सावली अंगणात हातभर पुढं सरकायची, आणि ती मडकी हातभर मागं घ्यायची. तक्रार कोणत्या तोंडानं करणार? ज्यानं पाणी दिलं त्याला नावं कशी ठेवणार?

बाराव्या वर्षी मार्गशीर्षात कळसाचे दोन मजले चढले. त्यावर राजाचं नाव, एकेक अक्षर पुरुषभर उंचीचं. ते कोरायला म्हाळोजीला एक अख्खं वर्ष लागलं होतं. लोक लांबून बघायला आले, तोंडात बोटं घालून गेले. आणि पौष लागला, तशी सावली पार अंगणाच्या मागच्या भिंतीला जाऊन टेकली. सकाळी ऊन नाही, दुपारी नाही, संध्याकाळी नाही.

आता पौष म्हणजे कुंभाराचा कसला महिना? सुगडांचा! संक्रांतीला घरोघर बायका सुगडं पुजतात. गाजर, बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडकी भरायला ती इवली मडकी लागतात. चाळीस गावांची सुगडं या एका अंगणात वाळायची. त्या वर्षी वाळेचनात. गिरजानं चार दिवस वाट बघितली, पाचव्या दिवशी दमट असतानाच भट्टीत घातली. आणि आतून फट्‌ फट्‌ फट्‌! एक धड निघालं नाही. कुंभारवाड्याच्या तोंडचं पाणी पळालं.

गिरजा राजाच्या कारभाऱ्याकडं गेली. त्यानं ऐकून घेतलं आणि हसत हसत निकाल दिला, “सोपं आहे. संक्रांतीच्या आत कुंभारवाडा उचला आणि टेकडीपलीकडं न्या. दरवाज्यापुढं पटांगणही मोकळं होईल.” टेकडीपलीकडं! तिकडं मातीचा कण नाही, नुसता मुरूम. कुंभारानं तिकडं जाऊन काय, दगड मळायचे? गिरजा बोलायला गेली तर कारभारी म्हणाला, “तूच ना पंजा उमटवलास?” चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. पण बाईचं मन जास्त खाल्लं ते त्या पंज्यानं. अकरा घरं उठणार होती, आणि हो म्हणणारी ती स्वतः होती.

भोगीच्या आठ दिवस आधी राजा दरवाजा बघायला आला. हलग्या, तुताऱ्या, माणूस माणसाला चेंगरेल एवढी गर्दी. रीत अशी ठरली होती, की तळ्याचं पाणी पाच सुगडांत भरून राजानं उंबऱ्यावर ओतायचं. सुगडं आणायचा मान गिरजाचा. ती आली, ताट पुढं केलं. सुगडं वरून रंगवलेली, सुरेख! राजानं पहिलं उचललं, पाणी भरलं, हात उंच केला, आणि सुगड हातातच बसलं. चिखल! मनगटावरून, रेशमी बाहीवरून, पार कोपरापर्यंत ओघळ आले. हलग्या गप्प झाल्या.

कारभारी धावला, “कच्चं भांडं दिलंस राजाच्या हातात?” पण राजानं त्याला हातानंच थांबवलं. गिरजा पुढं झाली. आधी तिनं दिलेलं सांगितलं, एकेक बोट दुमडत. “या दरवाज्यानं पाणी दिलं. वाट दिली. बाजार दिला. आमची मडकी परमुलखात नेली. खोटं बोलले तर जीभ झडो. आणि घेतलं काय, ते महाराजांच्या हातात आहे.”

गर्दीतून म्हाळोजी पुढं आला. डोक्यावरचं पागोटं काढून त्यानं राजाच्या पायाशी ठेवलं. “चूक माझी. वासा मी वैशाखात रोवला.”

“आणि पंजा मी उमटवला,” गिरजा म्हणाली. “दोघांचीही डोकी तापली होती. आता पौषात अंगणात ऊन नाही, म्हणून सुगडं कच्ची. पण उठायचं मात्र अकरा घरांनी.”

राजानं विचारलं, “ऊन नाही म्हणतेस, म्हणजे किती नाही?”

“एक दिवस बसून बघावं.”

आणि राजा बसला हो! दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायला अंगणात पाट मांडला, पुढ्यात एक कच्चं सुगड ठेवलं आणि बसला. सगळं कोंढार गोळा झालं. पोरं झाडांवर, म्हातारे ओट्यांवर. ऊन सगळीकडं, तळ्यावर, बाजारात, गाढवांच्या पाठीवर, फक्त अंगणात नाही. दुपार झाली. राजाचे ओठ काळेनिळे पडले, पण दिलेली शाल त्यानं परत केली. संध्याकाळी राजानं सुगडाला अंगठा लावला, आणि अंगठा आत रुतला!

कितीतरी वेळ तो वर बघत राहिला. वर त्याचं नाव होतं. आपलं नाव एवढं मोठं बघायला कुणाला आवडत नाही? त्यालाही आवडत होतं, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असं माझी सासू सांगायची. मग त्यानं म्हाळोजीला विचारलं, “ऊन यायला किती उतरवावं लागेल?”

“मधले वरचे दोन मजले, महाराज. नाव त्यातच आहे.”

“आणि खालचे सहा चार कोसांवरून दिसतात?”

“दिसतात.”

“मग उतरव. तांड्यांना दरवाजा दिसला पाहिजे, मी नाही.”

अहो, मग जी झुंबड उडाली! दगड चढवायला केलेला मातीचा उतार अजून तसाच होता. वाड्यातले कुंभार, बाजारातले व्यापारी, तांड्यांचे बैल, वाटेनं जाणारे येणारे, जो तो दोराला लागला. पहिला घाव म्हाळोजीनं स्वतः घातला, आपणच कोरलेल्या अक्षरावर. वर चढून तो ढसाढसा रडला म्हणतात, आणि रडत रडतच पहार चालवली. तीन दिवस हीच आरोळी, “ओढा रे! धरा रे! सोडा!” चौथ्या दिवशी दुपारी शेवटचा दगड सरकला, आणि त्या फटीतून ऊन धप्पकन अंगणात पडलं. बायका ओरडल्या, पोरं नाचली, सासरा म्हातारा उन्हात उभा राहून दोन्ही हातांनी ते तोंडाला चोळू लागला. गिरजा? ती सगळ्यांवर खेकसली, “नाचताय काय? सुगडं मांडा!” भोगीच्या पहाटे चाळीस गावांना सुगडं पोचली, आणि अकरा घरं जागची हलली नाहीत.

राजानं नावाचे दगड तळ्याच्या पायऱ्यांना दिले, अक्षरं आतल्या बाजूला करून. म्हणून पाटीवर ‘बांधणारा अज्ञात’ असं लिहिलंय. जाताना त्यानं एकच शब्द मागून घेतला, की वर्षातून एकदा, भोगीच्या आदल्या दुपारी, दरवाज्याला तोंडावर सांगायचं, काय दिलंस आणि काय घेतलंस. आधी दिलेलं, मग घेतलेलं, गिरजानं सांगितलं तसं. जिवंत होता तोवर दरसाल येऊन तो दरवाज्याशेजारी उभा राहायचा आणि सगळं ऐकून घ्यायचा.

आजही ही रीत मोडलेली नाही. आज तीच दुपार आहे, तुमचं नशीब! आता थोड्या वेळात सगळं गाव इथं जमेल. कुणी म्हणेल, बोळक्या, तू डांबरी सडक दिलीस, एसटी दिलीस, माझ्या लेकीला वाटाड्याची नोकरी दिलीस. मग दुसरा म्हणेल, आणि तुझ्यापायी घरावर मजला चढवता येईना, भट्टी गावाबाहेर न्यावी लागली, तळ्यात प्लास्टिकच्या बाटल्या तरंगतात, लोक भिंतींवर बदाम कोरून जातात. एखाद्या वर्षी नुसतं चांगलंच निघालं तर वाईट आठवेपर्यंत कुणी घरी जायचं नाही, आणि नुसतं वाईट निघालं तर चांगलं आठवेपर्यंत. मागं एकदा दिवेलागण झाली होती. भांडणं होतात, हसू होतं, पण दरवाजा पाडा असं आजवर कुणी म्हटलं नाही, आणि कुंभारांना उठवा असंही नाही.

आलं! बघा, फटीतून ऊन आलं! अहो टोपीवाले दादा, ताई, वर बघताय ते ठीक आहे, पण जरा पायाखाली बघा, हे गिरजाचंच अंगण आहे. सरका, सगळे बाजूला सरका. तुमची सावली पडतीय सुगडांवर!