निळ्या ब्रूचचा काटा

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं आईने बजावलं आहे, कारण शेवट ऐकला की धाकटी जेवत नाही. पण ती अजून क्लासहून आलेली नाही, म्हणून सांगते.

फार पूर्वी, रोमच्या राज्याच्या अगदी थंड टोकाला एक मीनाकार राहत होता. तिथे कपड्यांना बटणं नसत. जाड लोकरी शाल अंगावर ओढायची आणि खांद्यापाशी ब्रूचने अडकवायची. ब्रूचच्या पुढे रंगीत काचेचा मीना, मागे पितळी काटा.

मीनाकाराचा धाकटा भाऊ शिपाई होता. त्याला खिंडीतल्या चौकीवर पहाऱ्याला जायचं होतं.

"दादा, काटा घट्ट कर हं," तो म्हणाला. "तिथला वारा दाढीसुद्धा उपटून नेतो म्हणे."

"तुला दाढी आहे कुठे?" मीनाकार हसला.

त्याने निळा मीना भरला, भाजला आणि मग ठोकून ताठ केलेला काटा मागे बसवला. ब्रूच उजेडात धरला, तेव्हा निळ्या रंगात टाचणीच्या टोकाएवढा खळगा दिसला.

"राहू दे," बायको म्हणाली. "कुणाला दिसणार आहे?"

"सगळ्या चौकीला दिसेल. माझं काम म्हणून ओळखतात."

"मग काटा काढून भाजा. तापलं की पितळ मऊ पडतं, तुम्हीच सांगता ना?"

पण भाऊ निघायच्या तयारीने दारात उभा होता. मीनाकाराने खळग्यात काचेची पूड भरली आणि ब्रूच काट्यासकट भट्टीत ठेवला.

निवल्यावर मीना नितळ दिसला, सांजेच्या आभाळासारखा. काटा मात्र बोटाने दाबताच वाकला. आता ठोकावा, तर मीना तडकणार. त्याने तो हलकेच सरळ केला आणि काही न बोलता भावाच्या खांद्याला ब्रूच लावला. भाऊ खूश होऊन निघाला.

पहिल्याच वादळात शाल उडाली. सकाळी भाऊ बर्फात सापडला, गोठलेला. मुठीत ब्रूच होता. काटा गवताच्या काडीसारखा वाकला होता. निळ्या रंगावर एकही डाग नव्हता.

"काय सुंदर काम आहे," ब्रूच परत आणून देणारा शिपाई म्हणाला.

मीनाकाराने ब्रूच उलटा करून फळीवर ठेवला. त्यानंतर कुणीही ब्रूच घ्यायला आलं, की तो आधी मागची बाजू दाखवायचा. पण भावाला ती दाखवायची राहूनच गेली.

तात्पर्य: चारचौघांना दिसणाऱ्या बाजूसाठी मागची बाजू कच्ची ठेवू नये, कारण जीव तिच्याच भरवशावर असतो. आणि चूक कळूनही जो गप्प बसतो, त्याला तर... हो आई, आले. नाही गं, मी कुठे काय सांगतेय, मी नुसतंच