बंद कुरण

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मठातलं घड्याळ मी बघतच होते, तेवढ्यात अंकुश ओसरीवर चढला आणि ओरडला, "बाबा, हे पाप कुणाचं?"

मी दूध घालायला आले होते. माझी धाकटी लेक कडेवर पेंगत होती.

भिवगीरबाबा धुनीत लाकूड सारत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

अंकुशनं मूठ उघडली. हातात अंड्यांची फुटकी टरफलं होती.

"तणमोराची आहेत," तो म्हणाला.

तणमोर म्हणजे कोंबडीएवढं पाखरू. पावसाळ्यात उंच गवतात, जमिनीवरच अंडी घालतं. आमच्या ओढ्याच्या वरचे सगळे माळ आता नांगरून झाले. तिकडून पाणी येतं ते चहासारखं गढूळ. गवत उरलंय ते मठाच्या कुरणात तेवढं. त्या पाखरांना दुसरीकडं जागाच नाही.

"आणि ती?" मी विचारलं. "अंड्यांवर बसायची ती?"

अंकुश माझ्याकडं बघेना.

"पिसं पडलीत, वहिनी..."

"उडाली नाही?"

"उठलीच नसंल अंड्यांवरनं."

मी धाकटीला पदराखाली घेतलं. उगीचच. थंडी नव्हती.

अंकुश बाबांचा शिष्य. ते घरटं त्यालाच सापडलेलं, आणि त्याची हवा त्याच्या डोक्यात गेलेली. बाजारात ज्याला त्याला सांगायचा. वाणी म्हणायचा, "देव शोधाय आला आन् कोंबडी घावली!" तरी हा खुशीत. माणसं घेऊन जायचा, लांबून दाखवायचा, कुणाला खोकू द्यायचा नाही.

"रोज राखत होतो मी," तो बाबांना म्हणाला. "कावळे हाणले. नारळाच्या करवंटीत पाणी ठेवलं. एक दिवस चुकवला नाही. तरी कुत्र्यांनी गाठलंच. सांगा, माझं काय कमी पडलं?"

बाबा उठले. "चल."

मीही मागं गेले. घरी कामं पडली होती, पण पाय निघेना.

आमच्याकडं आषाढात कुरणाच्या शिवेवरच्या दगडाला गवताची पेंढी बांधतात. बांधली की कुरण बंद. दसऱ्यापर्यंत आत विळा नाही, जनावर नाही, माणूस नाही. अंकुशला वाटायचं, हे गवत चोरणाऱ्यांसाठी आहे.

दगडापाशी बाबा थांबले. अंकुश नेहमीसारखा आत निघाला.

"तिथनं नको," बाबा म्हणाले. "हितनं शीर."

तिथं गवत छातीएवढं होतं, भादव्याच्या उन्हात कुसळं धरलेलं. अंकुश शिरला. दोन पावलांत धोतर कुसळांनी भरलं. तो उड्या मारतच बाहेर आला.

"बोचतंय ओ, बाबा! हितनं कोण जाईल?"

"कुत्रं जाईल?"

"कुत्रं तरी कसं जाईल? नाकातोंडात जातात कुसळं..."

तो बोलता बोलता थांबला. त्यानं खाली बघितलं.

तो रोज शिरायचा तिथनं एक वाट निघाली होती. तुडवून तुडवून गुळगुळीत झालेली. सरळ आत गेलेली. तिच्यावर एकही कुसळ उभं नव्हतं.

...

धाकटी जागी झाली, पण रडली नाही.

अंकुश धोतरातली कुसळं उपटायला लागला.

"बाबा, अजून एक मादी आहे. ओढ्याच्या अंगाला. काल उठताना दिसली. कुणाला सांगितलेलं नाही... तिला तरी कसं राखू?"

बाबा त्या वाटेच्या तोंडाशी आडवे बसले. पाठ गवताकडं, तोंड गावाकडं.

"बस. असा."

अंकुश बसला. लगेच मान वळवायला लागला. बाबांनी त्याच्या गालाला हात लावून मान परत गावाकडं केली. मीही तशीच शेजारी टेकले.

"हितनं मला काहीच दिसायचं नाही."

"नाही दिसायचं."

"ती आहे का गेली, कसं कळणार?"

"नाही कळायचं."

"पिल्लं निघाली का..."

अंकुश अर्धवट उठला.

"जीव राहील का माझा, बाबा?" तो म्हणाला. "घटकाभर जाऊन बघून येतो. एकदाच. मग कधी नाही."

माझ्याही तोंडाशी तेच आलं होतं. जा रे, बघून ये म्हणून.

बाबांनी त्याचा हात आपल्या हातात धरून ठेवला. ऊन चढलं. गवतात काहीतरी हललं, का वारा होता... आम्ही तिघांनीही वळून बघितलं नाही.

मग बाबा म्हणाले, "ऊठ. मी बसतो हितं. तू वस्त्यांवर जाऊन सांग, कुरण बंद आहे."

"लोक विचारतील, आत काय आहे. काय सांगू?"

"कुरण बंद आहे, एवढंच. आणि ज्याला सांगशील त्याला म्हणावं, पुढच्या वस्तीवर तू सांग."