डाळिंबाखालची कणी

फार मागे, पाखरं आपापसांत माणसांसारखी बोलत त्या काळी, एका बागेत डाळिंबावर मुनियेचं घरटं होतं. बागेची मालकीण रोज सकाळी झाडाखाली मातीच्या ताटलीत तांदळाची कणी ठेवी. मुनिया खाई थोडं, सांडी फार. सांडलेल्या कणीवर उंदीर आले आणि त्यांनी बुंध्याशीच बीळ केलं.

त्याच बागेत सातभाई पाखरं राहत. काही वावगं दिसलं की कलकलाट करून सगळ्यांना सावध करायचं, हे त्यांचं काम. उंदीर पाहून ते ओरडणार, तोच मुनिया म्हणाली, "गप्प बसा. बाईंनी उंदीर पाहिले तर ताटली बंद होईल. पिल्लांना टाकून मी दाणे कुठे शोधत फिरू?" कणी सातभाईंनाही आवडायची. ते गप्प बसले.

पाच दिवसांनी उंदरांच्या वासावर धामण आली. उंदीर बिळाच्या दुसऱ्या तोंडाने पसार झाले. भुकेल्या धामणीने मान वर केली. वर पिल्लं चिवचिवत होती. धामण सावकाश बुंध्यावर चढू लागली.

थोरल्या सातभाईने हळूच विचारलं, "ताई, ओरडू का? बाई बाहेर येतील. बीळ दिसेल, ताटली जाईल."

सगळ्यांच्या आधी मुनियाच ओरडत सुटली.

बाई काठी घेऊन धावल्या, तेव्हा धामण घरट्यापासून वीतभर लांब होती. काठी आपटताच ती खाली उतरून पळाली.

ताटली त्याच दिवशी गेली. मुनिया गवताचं बी वेचायला लांब लांब जाऊ लागली. निघताना सातभाईंना रोज बजावून जाई, "काहीही दिसलं तरी ओरडा."