एस्पेरान्सापाशी बसायची पाळी

तुम्ही आत्ता ज्या कातळावर उभे आहात, त्याचे नाव एस्पेरान्सा. कोकणातल्या कातळाला हे नाव कसे, म्हणून तुम्ही गोंधळलात. आम्ही या खारवणे गावचे लोक तीनशे वर्षे गोंधळलेलेच आहोत, तेव्हा सावकाश बसा. चपला राहू द्या; त्या काढायच्या की नाहीत, हेही अजून ठरलेले नाही.

असे सांगतात की, एका वादळात स्पेन देशाचे गलबत पलीकडच्या खडकांवर फुटले. एकच खलाशी वाचला. तो एका दारावर तरंगत आला. दाराला आतून कडी होती, असेही सांगतात.

द्वारकी कुबल नावाच्या विधवेने त्याला घरी नेऊन पेज पाजली. पुढे सात वर्षे तो गावात राहिला, जाळी विणू लागला, मोडकी मालवणी बोलू लागला. मात्र रोज काम आटोपले की इथे येऊन पश्चिमेकडे तोंड करून बसे आणि म्हणे, “एस्पेरान्सा.” कोणी काही विचारले, तर डोळे पुसून घराकडे वळे.

मग तो तापाने पडला. अखेरच्या दिवशी द्वारकीचा हात धरून म्हणाला, “एस्पेरान्साक एकटा सोडू नको.”

“नाय सोडूचंय,” ती म्हणाली. त्याने डोळे मिटले.

“वैनी, वचन दिलंस,” तिचा दीर म्हणाला. “पण ती कोण?”

“माका काय ठाऊक?”

“मगे इचारूचा नाय?”

“मरणाऱ्याक काय काय इचारू?”

मेलेल्याला दिलेला शब्द मोडला, तर दर्या होड्या परत देत नाही, अशी आमच्याकडची समजूत. द्वारकीचे दोन्ही मुलगे दर्यावर जाणारे. तिने त्यांना होडी लोटू दिली नाही. तीन दिवस चालत ती मोठ्या बंदरावर गेली आणि तिथल्या म्हाताऱ्या पाद्र्याला गाठले.

“बाई, याचा अर्थ आशा,” तो म्हणाला. “आमच्यात मुलींना हे नाव ठेवतात. गलबतांनाही ठेवतात.”

“मगे त्याची ती बायल, गलबत, का नुसतीच आशा?”

“ते मला कसे कळणार?”

द्वारकी गेली होती त्याहून जास्त गोंधळून परतली. पण होडी किनाऱ्यावर खोळंबली होती आणि घरात दाणा नव्हता. तिने तिन्ही सांभाळायचे ठरवले. बाई असेल म्हणून कातळाला हिरव्या बांगड्या वाहिल्या. गलबत असेल म्हणून होडीला लावतात ते तेल फासले. आशेला काय वाहायचे, हे मात्र कोणालाच सांगता येईना.

“मी बसतंय हय,” ती मुलांना म्हणाली. “तुमी जावा.”

होडी परत टेकेपर्यंत ती पश्चिमेकडे बघत बसून राहिली. होडी आली. मासळी इतकी की होडी दिसेना, नुसती मासळीच वल्ही मारत आली, म्हणे.

आजही या कातळाला दरवर्षी बांगड्या आणि तेल मिळते. आणि आजही त्याला घटकाभर एकटे सोडत नाहीत. घरोघर पाळी असते. आज आमच्या घरची आहे. पुढचा माणूस यायला अवकाश आहे आणि घरी पेडव्यांचे तिखले, म्हणजे माशांचे झणझणीत कालवण, निवत चालले आहे. तुम्ही बसलाच आहात, तर मी चार घास खाऊन येतो. फक्त तोंड तेवढे पश्चिमेकडे करा, आणि मी येईपर्यंत उठू नका. माझा थोरला आज दर्यावर आहे.