पुरण्याआधीची परीक्षा

कोकणच्या किनाऱ्यावर एकदा एक वृद्ध हझान राहत असे. हझान म्हणजे बेने इस्रायल ज्यूंची प्रार्थना चालवणारा. आणि सिनेगॉग या त्यांच्या प्रार्थनास्थळाच्या मागच्या खोलीत लहान मुलांना हिब्रू शिकवणारे गुरुजीही तेच. एके काळी त्या खोलीत मुलांना बसायला जागा पुरत नसे. पुढे बहुतेक घरं इस्रायलला निघून गेली आणि मागे पाच मुलं उरली. गुरुजी त्या पाचांनाही पूर्वीइतक्याच मोठ्या आवाजात शिकवत. सिप्पोरा नावाची एक तरुण शिष्या त्यांच्या हाताखाली तयार होत होती.

सिनेगॉगचा कारभार पाहणारा मुकादम तेलाचा व्यापारी होता. माणूस वाईट नव्हता, पण प्रत्येक गोष्ट आवरून टाकायची त्याला भारी घाई. एक दिवस तो म्हणाला, "गुरुजी, पाच पोरांसाठी कसला वर्ग चालवता? परदेशचे पाहुणे आपलं सिनेगॉग बघायला येतात. या खोलीत काचेचं कपाट मांडू. पूर्वी इथे हिब्रू कशी शिकवत, ते त्यांना दाखवू. एक पुस्तक कपाटात ठेवू. बाकीची झिजलीच आहेत, ती रीतीप्रमाणे पुरून टाका."

रीत खरी होती. देवाचं नाव असलेलं पुस्तक जीर्ण झालं तरी रद्दीत जात नाही. माणसासारखं सन्मानाने कबरस्तानात पुरलं जातं.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "बरं. रविवारी सकाळी पुरू. खड्डा तुम्ही खणून ठेवा, पुस्तकं मुलं घेऊन येतील."

सिप्पोराला राग आवरेना. मुकादम गेल्यावर ती म्हणाली, "चाळीस वर्षं सांभाळलंत आणि एका शब्दावर सोडून दिलंत? मग मी कशाला शिकतेय?"

"रविवारी मुलांना पोटभर न्याहारी करून यायला सांग," गुरुजी म्हणाले. "वेळ लागणार आहे."

रविवारी मुलं सगळीच्या सगळी चाळीस पुस्तकं छातीशी धरून कबरस्तानात आली. मुकादम खड्ड्यापाशी घाम पुसत उभा होता. गुरुजी एका दगडावर बसले आणि म्हणाले, "मुकादमसाहेब, माणूस पुरण्याआधी त्याचा श्वास चालतोय का ते बघतात. पुस्तकाचाही बघायला हवा. मोझेल, ये बाळ, वाच."

सहा वर्षांच्या मोझेलने पुठ्ठा निखळलेलं एक पुस्तक उघडलं. उजवीकडून डावीकडे बोट फिरवत तिने एक ओळ वाचली, अडखळली, पुन्हा वाचली.

"हे जिवंत आहे," गुरुजी म्हणाले. "बाजूला ठेव. पिन्हास, दुसरं घे."

ऊन चढलं. पाचही मुलं आळीपाळीने वाचत राहिली. पुढे पुढे तर कुणाचा नंबर यावरून भांडू लागली. मुकादम वैतागून म्हणाला, "अहो, हे किती वेळ चालणार?"

"मेलेलं सापडेपर्यंत."

चाळिसावं पुस्तक वाळवीने खाल्लेलं निघालं. मोझेलने ते उलटसुलट करून पाहिलं. "गुरुजी, यात अक्षरंच नाहीत."

गुरुजींनी ते पांढऱ्या कापडात गुंडाळलं आणि स्वतः वाकून खड्ड्यात ठेवलं. मुलांनी शेमा म्हटला, देव एकच आहे अशी ग्वाही देणारी ज्यूंची प्रार्थना.

"आणि एवढा मोठा खड्डा?" मुकादमाने विचारलं.

"बुजवून टाका. माझी वेळ आली की पुन्हा खणा. मी एकटा येईन, पुस्तकं बरोबर आणणार नाही."

मुकादमाने फावडं उचललं. त्याने स्वतःच माती लोटायला सुरुवात केली.

परतताना सिप्पोराने विचारलं, "वर्ग बंद करणार नाही, असं त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

गुरुजी म्हणाले, "सांगितलं असतं, तर एका म्हाताऱ्याचा हट्ट ठरला असता. मुकादमाने रीत पुढे केली, म्हणून मी ती शेवटपर्यंत पाळली. आपल्या पूर्वजांचं गलबत या किनाऱ्यावर फुटलं तेव्हा त्यांच्याजवळ एक पुस्तकसुद्धा उरलं नव्हतं, असं आपले वाडवडील सांगत आले. शेमा तेवढा तोंडी होता. तो त्यांनी पोरांना शिकवला आणि शनिवार हा विसाव्याचा पवित्र दिवस म्हणून आपला तेलाचा घाणा बंद ठेवला, एवढ्यावर आपण उरलो. त्या वेळी पोरं किती, हे मोजत कुणी बसलं नाही. पाच मुलं वाचतात तोवर हा वर्ग जिवंत आहे, आणि जिवंताला मी पुरू देणार नाही. मुकादमाला नाही, कुणालाच नाही."

सोमवारी काचेचं कपाट आलं. मुकादमाने ते आधीच सांगून ठेवलं होतं. गुरुजी खोलीत पोचले तेव्हा सिप्पोराने त्याची काचेची दारं बिजागऱ्यांसकट काढून भिंतीला टेकवली होती आणि एकोणचाळीस पुस्तकं खालच्या फळ्यांवर लावली होती, मोझेलचा हात पोचेल अशी. गुरुजींनी ते पाहिलं, आपली छडी कोपऱ्यात ठेवली आणि मुलांच्या रांगेत जाऊन बसले.

"चल," ते सिप्पोराला म्हणाले, "धडा सुरू कर. मोठ्याने."